औषध होतं, तरी माणसं गेली : दोष कोणाचा?

(स्नेहमेळाव्याच्या दुसऱ्या दिवशी, सकाळच्या सत्रात केलेले भाषण)



संयोजकांनी मला विषय दिला तो असा : ‘जगभरातल्या टाळता येण्याजोग्या मृत्यूंना भांडवलशाही जबाबदार आहे.’ आपल्या वादविवाद स्पर्धेचे विषय फळ्यावर लिहिले जायचे, अगदी तसाच हा विषय आहे. तेव्हा चिठ्ठी काढून बाजू ठरायची. आज चिठ्ठी नाही, त्यामुळे पंचाईत जास्त आहे. समोर डॉक्टर बसले आहेत, दोन-तीन कारखानदार आहेत, कामगार संघटनेत उभी हयात घालवलेले मित्र आहेत, सरकारी खात्यातून निवृत्त झालेले आहेत. म्हणजे वादी, प्रतिवादी आणि साक्षीदार सगळे याच मांडवात आहेत. मी स्वतः तेहतीस वर्षं औषधनिर्मितीच्या धंद्यात काढली, त्यातली बहुतेक गुणवत्ता तपासणीत. त्यामुळे आरोपीच्या पिंजऱ्यात माझाही एक पाय आहे, हे आधीच सांगून टाकतो.

सुरुवातीला शब्दाचा अर्थ नक्की करू. टाळता येण्याजोगा मृत्यू कशाला म्हणायचं? नव्वदी पार केलेले आजोबा झोपेत गेले, तर तो मृत्यू यात येत नाही. आजार काय आहे ते माहीत आहे, त्यावरचा उपाय माहीत आहे, तो उपाय तयार करता येतो, आणि तरीही तो त्या माणसापर्यंत पोचला नाही म्हणून माणूस गेला, तर तो मृत्यू टाळता येण्याजोगा. २०२२ साली जगात पाच वर्षांच्या आतली सुमारे ४९ लाख मुलं दगावली. कारणं जुनीच : अपुऱ्या दिवसांचा जन्म, बाळंतपणातल्या अडचणी, न्यूमोनिया, जुलाब, मलेरिया. २०२३ साली क्षयाने साडेबारा लाख माणसं गेली. क्षयावरचं औषध आपल्यापैकी कोणाचाही जन्म होण्याच्या आधीपासून उपलब्ध आहे.

अनुकूल बाजूचा वक्ता हे आकडे सांगून टाळ्या घेईल. पण प्रतिकूल बाजूचा लगेच उठून सांगेल की १९९० साली पाच वर्षांच्या आतल्या बालमृत्यूंचा हाच आकडा सव्वा कोटीच्या वर होता. म्हणजे ज्या काळात बाजाराची व्यवस्था जगभर पसरली, त्याच काळात तो निम्म्याहून खाली आला. दोघंही खरं बोलत आहेत, आणि दोघांचं बोलणं ऐकून आपण होतो तिथेच राहतो. एवढ्या मोठ्या आकड्यांत कोण कशामुळे गेलं हे दिसत नाही. म्हणून मी आज एकच प्रकरण घेणार आहे, आणि त्याच्या कागदपत्रांत शेवटपर्यंत जाणार आहे. ते प्रकरण आहे एड्सच्या औषधांचं. त्यातला एक महत्त्वाचा भाग आपल्या मुंबईत घडला.

एड्सवरचं पहिलं मान्यताप्राप्त औषध म्हणजे एझेडटी. अमेरिकेत मार्च १९८७ मध्ये त्याला परवानगी मिळाली. हा रेणू मुळात १९६४ साली जेरोम हॉर्विट्झ नावाच्या संशोधकाने सरकारी पैशातून, कर्करोगावरचं औषध शोधताना बनवला होता. कर्करोगावर तो चालला नाही आणि बाजूला पडला. वीस वर्षांनी एड्सच्या विषाणूवर तो चालतो असं दिसलं, एका कंपनीने त्याचं पेटंट घेतलं, आणि तो बाजारात आला तेव्हा वर्षाचा खर्च दहा हजार डॉलरच्या घरात होता. पण एकट्या औषधाला विषाणू काही महिन्यांत दाद देईनासा होतो. खरा बदल झाला १९९६ साली. तीन औषधं एकत्र दिली तर विषाणू दबून राहतो आणि माणूस कामाला जातो, संसार करतो, हे सिद्ध झालं. १९९७ या एका वर्षात अमेरिकेतले एड्सचे मृत्यू जवळजवळ निम्म्याने कमी झाले.

इथून पुढे आपल्या व्याख्येचं घड्याळ सुरू होतं. आजार माहीत होता, उपायही माहीत होता. या तिहेरी उपचाराची किंमत होती वर्षाला दहा ते पंधरा हजार डॉलर, म्हणजे तेव्हाच्या हिशेबाने साडेचार लाख रुपयांच्या पुढे. २००० साली सहाराच्या दक्षिणेकडच्या आफ्रिकेत सुमारे अडीच कोटी लोक एचआयव्हीबाधित होते. त्यांच्यापैकी औषध मिळत होतं ते मूठभरांना. लंडन-न्यूयॉर्कमध्ये हा आजार मधुमेहासारखा झाला, आणि त्याच वर्षी त्याच आजाराने झांबियात किंवा मलावीत शाळेतले शिक्षक, दवाखान्यातल्या परिचारिका, तान्ह्या बाळांच्या आया जात राहिल्या.

किंमत एवढी का? माझ्या धंद्यातल्या कोणालाही विचारा, गोळीची निर्मितीकिंमत आणि विक्रीकिंमत या दोन वेगळ्या दुनिया आहेत. मूळ द्रव्य, म्हणजे ज्याला आम्ही बल्क ड्रग म्हणतो, त्यात मिसळायची पावडर, गोळी दाबण्याचं यंत्र, पट्टी, खोका, तपासणी, पगार, वीज हे सगळं धरूनही आकडा त्या साडेचार लाखांच्या जवळपाससुद्धा जात नव्हता. हे सिद्ध करून दाखवलं ते मुंबईच्या सिप्लाने. ख्वाजा अब्दुल हमीद यांनी १९३५ साली सुरू केलेली ही कंपनी. त्यांचे चिरंजीव युसुफ हमीद यांनी सप्टेंबर २००० मध्ये ब्रसेल्सला युरोपीय आयोगाच्या बैठकीत उभं राहून सांगितलं की तिन्ही औषधं आम्ही वर्षाला ८०० डॉलरला देऊ. फेब्रुवारी २००१ मध्ये त्यांनी ‘डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स’ या संस्थेला भाव दिला ३५० डॉलरचा. दिवसाला एक डॉलरपेक्षाही कमी. पुढे मागणी वाढली, मूळ द्रव्य टनावारी बनू लागलं, आणखी कंपन्या उतरल्या, आणि किंमत शंभर डॉलरच्या खाली गेली. आज पहिल्या फळीचा उपचार, तोही जास्त चांगल्या औषधांचा, ४५ डॉलरपेक्षा कमी भावात जागतिक संस्था खरेदी करतात.

हे मुंबईतच का जमलं? आमची माणसं फार हुशार म्हणून? हुशार होतीच, पण कारण कायद्यात आहे. स्वातंत्र्यानंतरही आपल्याकडे १९११ सालचा इंग्रजी अमदानीतला पेटंट कायदा चालू होता, आणि भारतातल्या औषधांचे भाव जगातल्या सर्वांत चढ्या भावांत गणले जात. न्यायमूर्ती राजगोपाल अय्यंगार यांनी १९५९ साली यावर अहवाल दिला. त्यातून १९७० चा कायदा आला. त्यात औषधावर पेटंट नाही, ते बनवण्याच्या कृतीवर आहे, आणि तेही जास्तीत जास्त सात वर्षं. आपल्या भाषेत सांगायचं तर पुरणपोळीवर कोणाचीच मालकी नाही. कोणाची एखादी खास कृती असेल तर ती तेवढी त्याची. तुम्ही दुसऱ्या रीतीने पुरणपोळी करा आणि खुशाल विका. या एका कलमावर आपली औषधनिर्मिती उभी राहिली.

आणखी एक गोष्ट फारशी सांगितली जात नाही. त्या तीन औषधांपैकी स्टॅव्हुडिन एका कंपनीच्या ताब्यात, लॅमिव्हुडिन दुसरीच्या, नेव्हिरापिन तिसरीच्या. तिघींनी एकत्र येऊन एक गोळी बनवायची तर आपापल्या मक्तेदारीवर पाणी सोडावं लागलं असतं. मुंबईत अशी अडचण नव्हती. सिप्लाने तिन्ही औषधं एका गोळीत घातली आणि ती गोळी सकाळ-संध्याकाळ घ्यायची एवढाच उपचार उरला. लांबलचक रांगेत उभ्या असलेल्या रुग्णाला आणि त्याला औषध समजावून सांगणाऱ्या परिचारिकेला हा फरक फार मोठा होता.

आता आरोपपत्र वाचतो. १९९७ साली दक्षिण आफ्रिकेच्या मंडेला सरकारने स्वस्त औषधं आयात करता यावीत असा कायदा केला. त्याविरुद्ध औषध कंपन्या १९९८ मध्ये कोर्टात गेल्या. खटला उभा राहिला तेव्हा त्या ३९ होत्या. साऱ्या आफ्रिका खंडाचा जगाच्या औषधबाजारातला वाटा जेमतेम एक-दीड टक्का होता. तो बुडाला असता तरी कोणाचं संशोधन थांबलं नसतं. भीती वेगळी होती : तिथे ३५० डॉलरला मिळतं ते इथे दहा हजारांना का, असा प्रश्न श्रीमंत देशांतल्या गिऱ्हाइकांनी विचारला तर? जगभर निषेध झाला आणि एप्रिल २००१ मध्ये कंपन्यांनी खटला मागे घेतला. पण मधली तीन वर्षं गेली ती गेलीच.

दुसरा आरोप आफ्रिकेतल्या झोपेच्या आजाराचा. त्सेत्से माशीमुळे होणारा हा आजार उपचार नसेल तर बहुधा प्राण घेतोच. त्यावर इफ्लॉर्निथिन हे इंजेक्शन प्रभावी होतं. रुग्ण गरीब, गिऱ्हाईक नाही, म्हणून १९९० च्या दशकात कंपनीने त्याचं उत्पादन थांबवलं. पुढे तेच द्रव्य बायकांच्या चेहऱ्यावरची लव कमी करण्याच्या क्रीममध्ये आलं. त्याला गिऱ्हाईक होतं. जागतिक आरोग्य संघटना आणि स्वयंसेवी डॉक्टरांच्या दबावानंतर २००१ साली इंजेक्शनचं उत्पादन पुन्हा सुरू झालं. मित्रहो, यात कोणी दुष्ट माणूस शोधायची गरज नाही. सभागृहात बसून ताळेबंद पाहणाऱ्या सभ्य माणसांनी हा निर्णय घेतला. आपल्यातले कित्येक जण अशा सभांना बसले आहेत. बाजार पैशाची मागणी ऐकतो. ज्याच्या खिशात पैसा नाही त्याच्या दुखण्याला तिथे आवाज नसतो. आरोपपत्रातलं हे कलम मला पूर्ण मान्य आहे.

पण न्याय करायचा तर बचावाचंही ऐकलं पाहिजे, आणि बचाव लेचापेचा नाही.

पहिली गोष्ट, सिप्ला ही काही धर्मादाय संस्था नव्हे. ती नफा कमावणारी, शेअर बाजारात नोंदलेली कंपनी आहे. जी किंमत खाली आली ती कंपन्यांच्या आपापसातल्या स्पर्धेमुळे. म्हणजे रोग्याला वाचवणाऱ्यांतही भांडवल होतंच. दुसरी गोष्ट, तिहेरी उपचारातली औषधं खासगी कंपन्यांनी चाचण्या करून, परवाने मिळवून बाजारात आणली. त्यात सरकारी पैसा आणि विद्यापीठांचं संशोधनही होतं. स्टॅव्हुडिनचं पेटंट येल विद्यापीठाकडे होतं. तिथले विद्यार्थी आणि ते औषध विकसित करणारे प्राध्यापक विल्यम प्रूसॉफ यांनी आवाज उठवल्यावर दक्षिण आफ्रिकेपुरता हक्क सोडण्यात आला. पण कंपन्यांनी काहीच केलं नाही असं म्हणणं खोटं ठरेल.

तिसरी गोष्ट सर्वांत जड आहे. औषध स्वस्त झालं, खटला मागे घेतला गेला, तरी दक्षिण आफ्रिकेत लोक मरत राहिले. का? राष्ट्राध्यक्ष थाबो म्बेकी यांना एचआयव्हीमुळे एड्स होतो हेच पटत नव्हतं. त्यांच्या आरोग्यमंत्री लसूण, बीट आणि लिंबू खाण्याचा सल्ला देत होत्या. सरकारी दवाखान्यांतून औषध देणं लांबवलं गेलं. हार्वर्डच्या संशोधकांनी २००८ साली हिशेब मांडला : २००० ते २००५ या काळात या धोरणामुळे ३ लाख ३० हजारांहून अधिक जीव गेले. हे मृत्यू कोणाच्या खात्यावर लिहायचे? तिथे औषध द्यायला नकार देणारा व्यापारी नव्हता, लोकांनी निवडून दिलेलं सरकार होतं. झॅकी अचमत हा एचआयव्हीबाधित कार्यकर्ता, सर्वांना औषध मिळेपर्यंत मीही घेणार नाही, म्हणून अडून बसला होता. त्याची चळवळ आधी कंपन्यांशी लढली आणि मग आपल्याच सरकारला कोर्टात खेचून जिंकली.

आणि ज्यांनी भांडवलशाही मुळासकट उपटली त्यांचं काय? चीनमध्ये १९५९ ते १९६१ या काळात, तिथे खासगी व्यापारी औषधालाही शिल्लक नव्हता तेव्हा, भुकेने किमान दीड कोटी माणसं गेली. कित्येक अभ्यासक तो आकडा तीन कोटी किंवा त्याहून जास्त धरतात. वरून हुकूम येत होते, खालून खोटे पीकपाण्याचे आकडे जात होते, आणि खरं छापणारं वर्तमानपत्र नव्हतं. अमर्त्य सेन यांनी हा मुद्दा मांडला, पण त्याची दुसरी बाजूही सांगितली. ज्याँ द्रेझ यांच्याबरोबर लिहिताना त्यांनी दाखवलं की भारतात दुष्काळाने लाखो मेले नाहीत हे खरं. पण रोजच्या कुपोषणाने आणि साध्या आजारांनी भारतात चीनपेक्षा इतके जास्त लोक मरत होते, की दर आठ वर्षांत त्यांची संख्या चीनच्या त्या दुष्काळाइतकी भरत होती. दुष्काळाचे मृत्यू छापून येतात. जुलाबाने गेलेलं एकेक मूल छापून येत नाही.

जुलाबावरून आठवलं म्हणून सांगतो. १९७१ साली बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलऱ्याची साथ आली. सलाइनच्या बाटल्या संपल्या, तेव्हा डॉ. दिलीप महालनोबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खायचा सोडा पाण्यात कालवून लोकांना पाजायला सुरुवात केली. मृत्यूचं प्रमाण तीस टक्क्यांच्या आसपास होतं ते चार टक्क्यांच्या खाली आलं. या उपायावर मक्तेदारी नाही, किंमत जवळजवळ शून्य. तरीही आज जगात मुलं जुलाबाने मरतात. तिथे पेटंटला दोष देता येत नाही. स्वच्छ पाणी नाही, गावात सांगणारं कोणी नाही, आणि जिच्यात फारसा नफा नाही अशी पुडी घरोघर पोचवण्याची निकड कोणाला वाटत नाही. सरकारने ते काम अंगावर घेतलं नाही की ते होतच नाही.

एवढं ऐकल्यावर कोणी म्हणेल, म्हणजे दोष सगळ्यांचाच; आणि दोष सगळ्यांचा म्हणजे कोणाचाच नाही. माझं म्हणणं बरोबर याच्या उलट आहे. ‘भांडवलशाहीने मारलं’ किंवा ‘व्यवस्थेने मारलं’ म्हटलं की सही करणारा हात दिसेनासा होतो. एड्सच्या प्रकरणात प्रत्येक टप्प्यावर कोणीतरी निर्णय घेतला होता आणि त्याला तारीख होती. वीस वर्षांची मक्तेदारी ही निसर्गाची देणगी नाही. १९९४ साली जागतिक व्यापार संघटनेच्या करारात ती देशोदेशीच्या सरकारांनी सही करून लिहिली. खटला दाखल करायचा ठराव कंपन्यांच्या मंडळांनी केला. औषध न देण्याचा निर्णय एका राष्ट्राध्यक्षाचा. अमेरिकेच्या परदेशी मदत खात्याचे प्रमुख २००१ साली म्हणाले होते की आफ्रिकेतल्या लोकांना घड्याळ ठाऊक नाही, ते गोळ्या वेळेवर घेणार नाहीत. पाच वर्षांनी अभ्यास प्रसिद्ध झाला : गोळ्या नियमित घेण्याचं प्रमाण आफ्रिकेत ७७ टक्के, उत्तर अमेरिकेत ५५ टक्के.

मृत्यू थांबवणारे निर्णयही माणसांनीच घेतले. नोव्हेंबर २००१ मध्ये दोहा येथे जागतिक व्यापार संघटनेच्या सदस्य देशांनी मान्य केलं की पेटंटचे नियम लोकांच्या आरोग्याच्या आड येऊ नयेत. २००२ मध्ये ग्लोबल फंड उभा राहिला. २००३ मध्ये जॉर्ज बुश यांनी, म्हणजे भांडवलशाहीच्या माहेरघरच्या राष्ट्राध्यक्षांनी, पाच वर्षांसाठी १५ अब्ज डॉलरची योजना आणली. भारतीय कारखान्यांतल्या गोळ्या, करदात्यांचा पैसा आणि रुग्णांच्या चळवळी, ही तिन्ही एकत्र आली तेव्हा आकडा हलला. २००४ च्या सुमारास वर्षाला सुमारे २० लाख लोक एड्सने मरत होते. २०२३ साली ६ लाख ३० हजार. तीन कोटींहून अधिक माणसं आज औषधावर जगत आहेत. यातला एक पाय काढला तर काय होतं तेही दिसलं. २०२५ च्या जानेवारीत अमेरिकेने परदेशी मदत थांबवली. गोळी पूर्वीइतकीच स्वस्त होती, तरी कित्येक देशांतली उपचार केंद्रं विस्कळीत झाली.

आपल्या घराकडेही पाहू. सिप्लाची गोळी २००१ मध्ये आफ्रिकेला निघाली. भारत सरकारने मोफत एआरटी सुरू केली १ एप्रिल २००४ ला. मधल्या काळात सांगली-सोलापूरकडच्या शेतमजुराला ती स्वस्त झालेली गोळीही परवडत नव्हती. औषध आपल्याच राज्यातल्या कंपनीचं, रुग्ण आपल्याच राज्यातला, आणि दोघांची गाठ पडायला तीन वर्षं लागली. त्याला परदेशी कंपनी जबाबदार नव्हती.

स्वस्त औषधाचाही मी आंधळा भक्त नाही. १९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात विषारी डायएथिलीन ग्लायकॉल मिसळलेलं ग्लिसरीन देण्यात आलं आणि १४ रुग्ण गेले. मी तेव्हा नोकरीत नवा होतो. न्यायमूर्ती लेंटिन आयोगाचा अहवाल आमच्या धंद्यातल्या प्रत्येकाने वाचायला हवा. पुरवठादाराची हाव, रुग्णालयाची खरेदी, अन्न व औषध प्रशासन, मंत्रालय, सगळ्यांची झाडाझडती त्यात आहे. ते पिंप तपासलं असतं तर विष सापडलं असतं. आणि छत्तीस वर्षांनी, २०२२ साली, भारतात बनलेल्या खोकल्याच्या औषधात तेच विष सापडलं आणि गांबियात सुमारे ७० मुलं दगावली. ही मुलं दूर कुठल्या व्यवस्थेने मारली नाहीत. कोणीतरी तपासणी न करता कागदावर सही केली. गुणवत्ता तपासणीच्या टेबलावर तीन दशकं बसलेला माणूस म्हणून सांगतो, ट्रक दारात उभा असतो, वरून फोन येत असतो, आणि ‘एवढी एक बॅच सोडून दे’ हे वाक्य प्रत्येक कारखान्यात कधी ना कधी बोललं जातं. तिथे नाही म्हणणाऱ्याची नोकरी शाबूत राहील अशी सोय करणं हे कायद्याचं काम आहे.

२००५ पासून आपल्याकडेही औषधावर पेटंट मिळतं. पण कायदा करताना संसदेने ३(ड) हे कलम ठेवलं : जुन्याच औषधात किरकोळ फरक करून नवं पेटंट मिळणार नाही. रक्ताच्या कर्करोगावरच्या ग्लिव्हेकची महिन्याची किंमत एक लाखाच्या वर होती, आणि भारतीय कंपन्यांचं तेच औषध दहा हजारांच्या आत होतं. १ एप्रिल २०१३ ला सर्वोच्च न्यायालयाने नोव्हार्टिसची मागणी फेटाळली. क्षयावरच्या बेडाक्विलिनचं पेटंट लांबवण्याच्या अर्जाला मुंबईची नंदिता वेंकटेशन आणि दक्षिण आफ्रिकेची फुमेझा टिसिले या दोघींनी आव्हान दिलं. क्षयाच्या जुन्या इंजेक्शनांनी दोघींचीही श्रवणशक्ती गेली होती. मार्च २०२३ मध्ये भारतीय पेटंट कार्यालयाने तो अर्ज नाकारला, आणि पुढच्या काही महिन्यांत जागतिक खरेदीतली त्या औषधाची किंमत निम्म्याहून खाली आली. एक कलम, दोन मुली, आणि एक अधिकारी ज्याने अर्ज नीट वाचला.

आता निकाल सांगायलाच हवा, नाहीतर सर म्हणतील, दोन्ही डगरींवर पाय ठेवलास. माझा निकाल असा. मक्तेदारी आणि ऐपत यांच्या भरवशावर जीवरक्षक औषध सोडून देणं हा अपराध आहे, आणि १९९६ ते २००३ या काळातल्या आफ्रिकेतल्या मृत्यूंचा मोठा भाग त्या अपराधाच्या खात्यावर जातो. या मर्यादेत अनुकूल बाजू जिंकते. पण व्यापार, कारखाना आणि नफा यांना सरसकट फाशी द्या म्हणाल तर मी विरोधात मत देईन, कारण त्याच कारखान्यांवाचून ती गोळी बनली नसती. आणि सरकारांना, माझ्या राज्यातल्या सरकारांसकट, मी निर्दोष सोडणार नाही. नफ्याला लगाम घालण्याचं काम त्यांचं होतं; कधी तो त्यांनी घातला, कधी हातातून सोडून दिला.

आपण सगळे साठीच्या पुढचे. बहुतेकांच्या सहीची किंमत निवृत्तीबरोबर संपली. पण डॉक्टर मित्रांनो, तुमची लेखणी अजून चालते. औषधाचं मूळ नाव लिहा, आणि ते चांगल्या प्रतीचं मिळतं की नाही यावर लक्ष ठेवा. कारखानदार मित्रांनो, तुमच्या तपासणी विभागातल्या माणसाला नाही म्हणण्याचा अधिकार लेखी द्या. बाकीच्यांनी औषधांचा व्यापार करार होताना पेपरातल्या आतल्या पानावरची बातमी वाचा, आणि मत मागायला येणाऱ्याला विचारा की आमच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉक्टर आणि औषधं आहेत का. २०२३ साली साडेबारा लाख माणसं क्षयाने गेली, आणि त्यात भारताचा वाटा सर्वांत मोठा होता. हे प्रकरण अजून बंद झालेलं नाही. त्यात आपली साक्ष अजून व्हायची आहे.

 सर, बाई, वेळ ओलांडली असेल तर घंटा वाजवण्याचा अधिकार आजही तुमचाच आहे.